हाफ डोम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोमबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी साधी माहिती, मग परवाना आणि केबलचा टप्पा (माथ्याआधीचा, पोलादी दोर धरून चढायचा उतार), आणि शेवटी दोर लावून कडा चढणाऱ्यांचे प्रश्न. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम आणि शुल्क उद्यान प्रशासन बदलत असतं, त्यामुळे निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळ एकदा पाहाच.

१. हाफ डोम किती उंच आहे? तो एवढा प्रसिद्ध का?

समुद्रसपाटीपासून साधारण २,६९४ मीटर, म्हणजे ८,८०० फुटांहून थोडा जास्त. नुसत्या आकड्यावरून त्याचा अंदाज येत नाही, कारण सिएरा नेवाडा पर्वतरांगेत याहून उंच शिखरं पुष्कळ आहेत. हाफ डोम नजरेत भरतो तो दरीच्या तळापासून जवळपास १,५०० मीटर थेट वर उठल्यामुळे. एका बाजूला गोल पाठ, दुसऱ्या बाजूला तासून काढल्यासारखा वायव्येचा कडा. हा कडाच ६०० मीटरच्या वर आहे. शिवाय हा असा दुर्मीळ कातळ आहे की एकाच माथ्यावर चालत आलेला पर्यटक आणि कड्यावर रात्र काढून आलेला गिर्यारोहक शेजारी बसून डबा खातात.

२. याचा दुसरा अर्धा भाग कुठे गेला?

कुठेच गेला नाही, कारण तेवढा मोठा दुसरा भाग कधी नव्हताच. दरीतून पाहताना घुमट मधोमध चिरल्यासारखा दिसतो, पण ग्लेशियर पॉइंटवरून किंवा बाजूने पाहिलं की तो एक लांबट, अरुंद कणा असल्याचं कळतं. मूळ खडकाचा बहुतांश भाग अजून जागेवर आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात.

कडा तयार झाला तो खडकातल्या उभ्या भेगांमुळे. त्या भेगांवरून पातळ उभे थर सुटत गेले आणि खाली पडलेला माल हिमनद्यांनी वाहून नेला. हिमनदीने घुमट मधून कापला, हे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. बर्फ भरात असतानाही माथा त्याच्या वरच राहिला होता.

गोल पाठीची गोष्ट वेगळी. हा खडक जमिनीत खोलवर, प्रचंड दाबाखाली थंड झाला. वरचं ओझं झिजून गेल्यावर तो फुगला आणि त्याचे पृष्ठभागाला समांतर थर सुटू लागले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. हे पापुद्रे आजही सुटतात. गिर्यारोहकांसाठी याचा अर्थ काय, ते प्र. २० मध्ये आहे.

३. हा ग्रॅनाइटच आहे ना?

बोलण्यात ग्रॅनाइट म्हटलं तर चालतं. काटेकोर बोलायचं तर हा ग्रॅनोडायोराइट आहे, म्हणजे ग्रॅनाइटचा सख्खा भाऊ, ज्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार जास्त असतं. या खडकाला भूशास्त्रात ‘हाफ डोम ग्रॅनोडायोराइट’ असंच नाव आहे आणि त्याचं वय साधारण ८.७ कोटी वर्षं आहे. जवळून पाहिलं तर हॉर्नब्लेंडचे काळे, लांबट स्फटिक उघड्या डोळ्यांना दिसतात. हेच मोठे, खरखरीत स्फटिक बुटाच्या रबराला पकड देतात. जिथे हजारो पायांनी ते घासून गुळगुळीत केलेत, तिथे ती पकड संपते.

४. पहिल्यांदा यावर कोण चढलं?

नोंदीत असलेली पहिली चढाई जॉर्ज अँडरसनची, ऑक्टोबर १८७५ मधली. त्याआधी दहाएक वर्षं कॅलिफोर्निया भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे प्रमुख जोसाया व्हिटनी यांनी लिहून ठेवलं होतं की योसेमिटीतल्या ठळक शिखरांपैकी बहुधा या एकावरच माणसाचं पाऊल कधी पडणार नाही.

अँडरसन स्कॉटलंडचा. आधी खलाशी होता, नंतर योसेमिटीत स्थायिक झाला. अनवाणी पायांनी, मग पायाला राळ फासूनही त्याने प्रयत्न केल्याचं सांगतात. शेवटी त्याने खडकात हाताने भोकं पाडली, त्यांत लोखंडी कड्या ठोकल्या आणि आधीच्या कडीवर उभं राहून पुढचं भोक पाडत वर गेला. आजचा केबलचा मार्ग जवळपास त्याच उतारावरून जातो. निसर्गलेखक जॉन म्यूर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माथ्यावर पोहोचले, आणि सॅली डचर ही तिथे गेलेली पहिली ज्ञात महिलाही १८७५ चीच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या दरीत आवानीची लोक कितीतरी आधीपासून राहत होते. त्यांच्या कथेत हा डोंगर म्हणजे टिस-सा-ऍक नावाची स्त्री आणि कड्यावरचे काळपट ओघळ म्हणजे तिचे अश्रू. आपल्याकडे १८७५ आधीची नोंद नाही, एवढंच आपण म्हणू शकतो.

५. चालत जाऊन यायला किती अंतर आणि किती वेळ लागतो?

जाऊन-येऊन २३ ते २६ किलोमीटर, वाटेवर अवलंबून. चढ सुमारे १,४६० मीटर. बहुतेकांना १० ते १२ तास लागतात, आणि मोठा गट असेल किंवा केबलवर गर्दी असेल तर त्याहूनही जास्त.

सुरुवात हॅपी आइल्सपासून होते. उजाडायच्या आत निघा. हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवा, एका गटात एक नव्हे. परतीचीही एक वेळ घरूनच ठरवून घ्या, उदाहरणार्थ दुपारी साडेतीन. त्या वेळेला तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. हे ठरवणं सोपं असतं आणि पाळणं फार अवघड, म्हणून गटातल्या एकाला ती जबाबदारी नाव घेऊन द्या.

६. मिस्ट ट्रेलने जावं की जॉन म्यूर ट्रेलने?

जाताना मिस्ट ट्रेल, येताना जॉन म्यूर ट्रेल, हे माझं मत. मिस्ट ट्रेल जवळची, पण व्हर्नल फॉलच्या कडेने सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या चढवते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या धबधब्याच्या तुषारांनी ओल्या असतात. सकाळच्या ताज्या पायांनी त्या चढणं ठीक आहे. संध्याकाळी थरथरत्या गुडघ्यांनी उतरताना माणसं घसरतात. जॉन म्यूर ट्रेल लांब आहे, पण वळणावळणाने उतरते आणि नेवाडा फॉलचं सुरेख दर्शन घडवते.

धबधब्यांच्या वरच्या अंगाला पाणी शांत दिसतं म्हणून उतरू नका. तिथून वाहून जाऊन लोक मेले आहेत. कठडे आणि सूचनाफलक त्याचसाठी लावलेत.

७. मी सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो/करते. मला हे जमेल का?

दमाच्या बाबतीत बहुधा जमेल. दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. एक, सह्याद्रीचा बेसॉल्ट पायऱ्या-टप्प्यांचा असतो, हाताला-पायाला खोबण मिळते. इथल्या उतारावर खोबणच नसते, बुटाचा अख्खा तळवा खडकावर टेकवून घर्षणाच्या भरवशावर उभं राहावं लागतं. टाच उचलली की पकड कमी होते. याची सवय आधी एखाद्या साध्या, उताराच्या कातळावर करून घ्या. दोन, हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही (प्र. १५).

उंचीचा त्रास फार होत नाही, पण समुद्रकाठच्या शहरातून आदल्या रात्री पोहोचून थेट निघालात तर डोकं दुखू शकतं. आदला एक दिवस दरीत काढलेला बरा.

८. परवाना लागतोच का? कधी आणि कसा काढायचा?

केबल उभारलेल्या असतात त्या काळात लागतोच, दिवसा जा किंवा रात्री. हा काळ साधारण मेअखेरीच्या मेमोरियल डेच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत. नेमक्या तारखा बर्फावर ठरतात.

परवाने २०१० साली सुरू झाले. त्याआधी सुट्टीच्या दिवशी हजारावर माणसं या एका उतारावर यायची. वर ढग जमतायत आणि खाली उतरायला वाट नाही, अशी अवस्था व्हायची. आता दिवसाला ३०० जणांना परवानगी मिळते, त्यात सुमारे २२५ एका दिवसात जाऊन येणारे आणि ७५ पाठीवर तंबू घेऊन मुक्कामी जाणारे.

एका दिवसाच्या परवान्यासाठी दोन सोडती असतात. मुख्य सोडतीचे अर्ज मार्चभर घेतले जातात आणि निकाल एप्रिलच्या मध्याच्या सुमारास लागतो. एका अर्जात सहा जणांपर्यंत नावं आणि सातपर्यंत तारखा देता येतात. दुसरी रोजची सोडत हंगामात चालू असते आणि तिचा अर्ज जायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी करायचा असतो. अर्जाचं शुल्क १० डॉलर, ते परत मिळत नाही. परवाना लागला तर माणशी आणखी १० डॉलर. उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं.

मुक्कामी जाणाऱ्यांनी रानातल्या मुक्कामाच्या परवान्याबरोबरच हाफ डोमची परवानगी मागायची असते.

९. सोडत लागण्याची शक्यता वाढवता येते का?

थोडीफार. शनिवार टाळा. मंगळवार-बुधवार मागा. तारखा लवचीक ठेवा आणि सातही द्या. गट लहान ठेवा. रोजच्या सोडतीवर विसंबणार असाल तर योसेमिटीत तीन-चार दिवस हाताशी ठेवा आणि रोज अर्ज करा.

एकाच माणसाने गटप्रमुख म्हणून अनेक अर्ज करणं नियमात बसत नाही. असे अर्ज रद्द होतात. गटातल्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाने एकेक अर्ज करणं मात्र रीतसर आहे.

१०. परवाना ज्या मित्राच्या नावावर आहे तो आयत्या वेळी येत नाहीये. आम्ही बाकीचे जाऊ शकतो का?

अर्जात पर्यायी गटप्रमुख म्हणून ज्याचं नाव दिलं होतं, तो सोबत असेल तर हो. तोही नसेल तर नाही. परवाना विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि रेंजर (उद्यानाचे रक्षक) ओळखपत्र पाहतात. म्हणून अर्ज भरताना पर्यायी नावाची जागा रिकामी सोडू नका.

११. परवाना नसेल तर कुठपर्यंत जाता येतं?

सबडोमच्या पायथ्यापर्यंत. सबडोम म्हणजे मुख्य घुमटाच्या आधीचा लहान घुमट, ज्यावर उन्हात तापलेल्या, अरुंद दगडी पायऱ्यांची नागमोडी वाट आहे. रेंजर बहुधा तिथेच परवाने तपासतात. त्यापुढे विनापरवाना गेल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

परवाना नसलेल्यांनी नेवाडा फॉलचा माथा गाठून परतावं. तो स्वतंत्र, भरगच्च दिवस आहे. किंवा क्लाउड्स रेस्टला जावं. तिथे हाफ डोमचा परवाना लागत नाही, उंची हाफ डोमपेक्षा जास्त आहे आणि हाफ डोम तिथून खाली दिसतो.

१२. केबल म्हणजे नेमकं काय? रोपवेसारखं काही आहे का?

नाही, बसून जायचं काही नाही. शेवटच्या सुमारे १२० मीटर उतारावर दोन पोलादी दोर समांतर लावलेले असतात, हाताने धरता येतील एवढ्या उंचीवर. उतार साधारण ४५ अंशांचा आहे. दर तीनेक मीटरवर खांबांची जोडी आणि पायाशी आडवी लाकडी फळी असते, तिथे थांबून दम घेता येतो. चढणारे आणि उतरणारे दोघेही याच चिंचोळ्या पट्ट्यातून जातात. पहिल्या केबल १९१९ मध्ये सिएरा क्लबने बसवल्या.

खांब खडकातल्या भोकांत नुसते बसवलेले असतात. ओढले तर ते निघून हातात येऊ शकतात, म्हणून भार केबलवर टाका, खांबावर नको. जोर मात्र पायांनीच लावायचा असतो. हातांनी स्वतःला ओढत जाणाऱ्यांचे दंड निम्म्यातच भरून येतात, आणि उतरताना त्याच दंडांची गरज असते. उतरताना केबलकडे तोंड करून, पाठमोरं, एकेक फळी गाठत या.

गर्दी टाळायला केबलच्या बाहेरून पुढे जाणारे दिसतील. त्यांच्यामागे जाऊ नका. बाहेर हात सुटला तर खाली काही नाही.

१३. हार्नेस लावून केबलला अडकवून घ्यावं का?

सक्ती नाही आणि बहुतेक लोक लावत नाहीत. मी लावा म्हणेन, पण योग्य साधनासह. याबाबतीत अर्धवट माहिती धोक्याची आहे.

कमरेला हार्नेस, त्याला साधी शिवलेली पट्टी आणि एक कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), असं घेऊन अनेकजण येतात. ही पट्टी ताणली जात नाही. तुम्ही पडलात तर केबलवरून घसरत खालच्या खांबापर्यंत, म्हणजे जवळपास तीन मीटर जाल आणि तिथे एका झटक्यात थांबाल. तो सगळा झटका तुमच्या शरीरावर आणि कॅरॅबिनरवर येतो. म्हणून व्हिया फेराटासाठी (पोलादी दोर लावलेल्या कड्यांवरच्या वाटांसाठी) बनवलेला संच घ्या. त्यात झटका शोषणारा भाग आणि दोन फाटे असतात. प्रत्येक खांबाशी आधी एक कॅरॅबिनर काढून पुढे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. याचा सराव घरी करून या, केबलवर शिकू नका, कारण तुमच्यामागे पन्नास माणसं खोळंबलेली असतात.

खडक ओला असेल तर संच असूनही वर जाऊ नये (प्र. १४).

१४. पावसाचा अंदाज फक्त दुपारचा आहे. सकाळी पटकन जाऊन येता येईल का?

आकाश स्वच्छ असेल आणि तुम्ही दुपारच्या बऱ्याच आधी केबल उतरलेले असाल, तर येईल. पण अंदाजातली दुपार ही घड्याळातली वेळ नव्हे. सिएरामध्ये उन्हाळ्यात सकाळी निळं आकाश असतं, अकरानंतर पांढरे ढग उभे वाढू लागतात आणि तासा-दोन तासांत कडकडाट सुरू होतो.

धोके दोन आहेत. पहिला विजेचा. माथा उघडा, सपाट, आणि आसपासच्या सगळ्यात उंच. उतरायची वाट म्हणजे लोखंडाचे दोन दोर. जुलै १९८५ मध्ये वादळात माथ्यावर असलेल्या गटावर वीज पडून दोघे मरण पावले. माथ्यावर दगडांच्या कपारीत आसरा मिळेल असं वाटतं, पण ओल्या खडकातून वीज वाहते. तो आसरा नाही.

दुसरा धोका ओल्या खडकाचा, आणि याकडे लोक दुर्लक्ष करतात. शंभर वर्षांत पावलांनी घासून केबलमधला पट्टा काचेसारखा झाला आहे. कोरडा असतानाच तो निसरडा आहे, ओला झाला की बूट टिकतच नाही. केबलवरचे बहुतेक अपघात ओल्या खडकावर झाले आहेत. थोडी सर पडून गेली, आता थांबली, हेही कारण पुरेसं नाही. खडक वाळेपर्यंत थांबा.

आम्हाला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो : ‘परवाना पुन्हा लागणार नाही, विमानाचं तिकीट काढून आलोय, आणि आता ढग आलेत. काय करू?’ उत्तर एकच आहे. सबडोमच्या खाली असाल तर वर चढू नका. सबडोमवर असाल तर लगेच उतरा. परवान्याने तुम्हाला त्या दिवशी तिथे असण्याची मुभा मिळाली आहे, माथा मिळालेला नाही. निर्णयाची खरी जागा सबडोमचा पायथा आहे. केबलच्या मध्यावर वीज कडाडल्यावर निवडीला काही उरत नाही.

१५. पाणी किती न्यावं? वाटेत मिळतं का?

माणशी चार लिटर धरून चला. व्हर्नल फॉलच्या पुलाजवळ उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ चालू असतो. त्यापुढे मर्सेड नदी, लिटल योसेमिटी व्हॅलीपर्यंत. नदीचं पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्या. तिथून पुढे भरवशाचं पाणी नाही आणि शेवटचा सगळा चढ उन्हात आहे. बाटल्या नदीवर काठोकाठ भरूनच पुढे निघा.

१६. बूट आणि हातमोजे कोणते?

बूट चांगल्या रबराचे, तळ न झिजलेले. कडक तळाच्या नव्याकोऱ्या जाड बुटांपेक्षा मऊ रबराचे ‘अप्रोच शूज’ कातळावर जास्त चांगले. हातमोजे रबरी तळव्याचे, बागकामाचे असतात तसे. लोकरीचे किंवा गुळगुळीत चामड्याचे नकोत. वापरून झाल्यावर ते केबलच्या पायथ्याशी ‘दुसऱ्याच्या उपयोगी पडतील’ म्हणून ठेवून येऊ नका. तिथे कुजक्या हातमोज्यांचा ढीग साठतो आणि रेंजरना तो पाठीवरून खाली आणावा लागतो.

१७. केबलच्या मध्यावर भीतीने पाय गळाले तर?

थांबा, फळीवर दोन्ही पाय टेकवा, एक कोपर केबलभोवती वळवून घ्या आणि मागच्याला मोठ्याने सांगा, ‘मी थांबलोय, पुढे जा.’ लोक समजून घेतात. श्वास जागेवर आला की वर जायचं की खाली ते ठरवा. खाली उतरणं केव्हाही चालतं. सोबत्यांनी ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणत वर रेटू नये. वर गेलेल्या घाबरलेल्या माणसाला तोच उतार पुन्हा उतरायचा असतो. मुलांच्या बाबतीतही हीच कसोटी लावा. वय किती, यापेक्षा ते मूल स्वतःहून, न रडता, न ओढता उतरू शकेल का ते पाहा. खात्री नसेल तर सबडोमच्या खालीच थांबा.

१८. माथ्यावर मुक्काम करता येतो का? ड्रोन, कुत्रा नेता येतो का?

तिन्हींना मनाई आहे. पूर्वी माथ्यावर लोक झोपत. त्यामुळे घाण साठली, आणि आडोशासाठी दगड रचल्याने त्या दगडांखाली राहणाऱ्या माउंट लायल सॅलमँडरचं घर मोडत होतं. मुक्काम करायचा तर लिटल योसेमिटी व्हॅलीत. खाणं अस्वलांपासून बंद डब्यात ठेवायचं. वाटेत सॅक उघडी टाकून वर गेलात तर खारीही ती फाडतात.

१९. केबल खाली टाकलेल्या असतात तेव्हा परवाना लागत नाही म्हणतात. मग तेव्हाच का जाऊ नये?

परवाना लागत नाही हे खरं. पण तेव्हा खांब आणि फळ्या काढलेल्या असतात आणि केबल खडकावर पडून असते. ती उचलून धरत, विसाव्याशिवाय १२० मीटर चढावं लागतं. हिवाळ्यात आणि वसंतात त्या पट्ट्यावर बर्फही असतं. दोर, बिले (सोबत्याचा दोर धरून त्याला पडण्यापासून वाचवणं) आणि कातळावरच्या हालचालींचा अनुभव असणाऱ्यांनीच हा विचार करावा. सोडत लागली नाही म्हणून शोधलेली पळवाट असेल, तर नको.

२०. दोर लावून चढायचं आहे. सुरुवात कोणत्या मार्गाने करावी?

बहुतेक जण स्नेक डाइकने करतात. नैर्ऋत्य अंगावरचा हा मार्ग १९६५ मध्ये एरिक बेक, जिम ब्रिडवेल आणि ख्रिस फ्रेडरिक्स यांनी चढला. खडकातून वर आलेली एक फिकट, खडबडीत शीर सापासारखी वर जाते आणि तिच्यावर पाऊल छान बसतं. आठ पिचेस (दोराच्या एका लांबीचे टप्पे), श्रेणी ५.७ (यात ५ नंतरचा आकडा जितका मोठा, तितकी चढाई अवघड). पण त्यापुढे लावलेलं ‘आर’ हे अक्षर वाचा. त्याचा अर्थ, इथे पडणं धोक्याचं, कारण बोल्ट (दोर अडकवायला खडकात कायमचे बसवलेले खिळे) फार लांब लांब आहेत. मुळात तर आणखी कमी होते, पहिल्या चढाईकर्त्यांच्या संमतीने नंतर वाढवले. लीड करणारा (दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढणारा) पडला तर वीस-तीस मीटर खरवडत खाली येऊ शकतो. ५.७ जेमतेम जमतंय, अशा माणसाने इथे लीड करू नये. ज्याला उतारावरचं ५.९ शांतपणे जमतं, त्याला हा मार्ग अतिशय आनंद देतो. पिचेस संपल्यावर दोर गुंडाळून लांबलचक कातळउतार चालत माथा गाठावा लागतो, आणि तिथे पोटऱ्या जळतात.

वायव्य कड्यावरचा रेग्युलर मार्ग ही वेगळीच गोष्ट आहे. रॉयल रॉबिन्स, जेरी गॉलवास आणि माइक शेरिक यांनी तो जून १९५७ मध्ये पाच दिवसांत चढला. अमेरिकेतली सहाव्या दर्जाची (म्हणजे मोठ्या कड्यावरची, अनेक दिवसांची) ही पहिली चढाई मानतात. ते वर पोहोचले तेव्हा त्यांचं अभिनंदन करायला वॉरन हार्डिंग चालत माथ्यावर आले होते. याच हार्डिंगनी पुढच्या वर्षी एल कॅपिटनचा ‘नोज’ मार्ग पूर्ण केला. रेग्युलर मार्गावर २३ च्या आसपास पिचेस आहेत. काही ठिकाणी साधनांना लटकत, म्हणजे ‘एड’ घेत गेलात तर ५.९, पूर्ण फ्री (फक्त हातापायांनी, दोर नुसता बचावाला) गेलात तर ५.१२. माथ्याजवळ ‘थँक गॉड लेज’ नावाची अरुंद पट्टी आहे. ती सुरुवातीला चालण्याजोगी असते, मग इतकी निमुळती होते की अनेकजण रांगतात.

जुनं टोपो (मार्गाचा रेखाटलेला नकाशा) घेऊन जाऊ नका. जुलै २०१५ मध्ये ११व्या आणि १२व्या पिचच्या भागातला मोठा पापुद्रा सुटून पडला आणि मार्ग बदलला. प्र. २ मध्ये सांगितलेली प्रक्रिया ती हीच. पायथ्याशी जाणारी ‘डेथ स्लॅब्स’ची वाट जवळची आहे, पण तिथे वरून दगड येतात आणि जागोजागी लोंबणारे दोर किती जुने आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उजेडातच जावं आणि त्या दोरांवर आंधळा भार टाकू नये.

२१. अमेरिकी गिर्यारोहक ॲलेक्स होनल्ड इथे दोराशिवाय चढला हे खरं का?

खरं आहे. सप्टेंबर २००८ मध्ये तो रेग्युलर मार्गाने, दोर न लावता, तीन तासांच्या आत माथ्यावर पोहोचला. त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली ती माथ्याजवळच्या गुळगुळीत स्लॅबवर, जिथे धरायला काही नसतं आणि सगळी मदार बुटाच्या रबरावर असते. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. जगातल्या सर्वांत तयारीच्या चढाईपटूला जिथे थांबून विचार करावा लागला, तो पृष्ठभाग आणि केबलखालचा खडक एकाच जातीचा आहे.

२२. कड्यावर रात्र काढणार असू तर वेगळा परवाना लागतो का?

हो, कड्यावरच्या मुक्कामासाठी रानातल्या चढाईचा परवाना घ्यावा लागतो आणि तो मोफत असतो. मानवी मैला पिशवीत भरून खाली आणणं बंधनकारक आहे. कड्यावरून खाली काहीही टाकायचं नाही, कारण खाली दुसरी टोळी असू शकते.

२३. आम्ही स्नेक डाइकने चढू आणि केबलवरून उतरू. हाफ डोमचा परवाना लागेल का?

तांत्रिक मार्गाने दोर लावून माथ्यावर आलेल्यांना केबलवरून उतरायला तो परवाना लागत नाही. सूट आहे ती उतरण्यापुरती. केबलच्या वाटेने वर जाऊन साहित्य ठेवून यायचं असेल, किंवा सोबतचा एखादा न चढणारा मित्र केबलने वर येऊन भेटणार असेल, तर त्याला परवाना हवाच. रेंजरने विचारलं तर कोणत्या मार्गाने आलात ते सांगा. दोर आणि हार्नेस समोर दिसतच असतात. उतरताना दोर सॅकमध्ये नीट भरा. लोंबणारी वेटोळी खांबांत अडकतात आणि वर येणाऱ्यांचा तोल जातो. चढणाऱ्यांना फळीवर थांबायला जागा द्या, कारण त्यांच्यातले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदाच अशा उतारावर उभे असतात.